चेंडू वाटेत असताना ‘कम ऑन’ ओरडलं, तर पॉइंट कोणाचा?

मुलुंडच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांची १३ वर्षांची मुलगी १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळत होती. कोर्टवर चेअर अंपायर, म्हणजे खुर्चीत बसून निर्णय देणारा पंच, नव्हता. ४-४, ड्यूस (गेममध्ये ४०-४० अशी बरोबरी). समोरच्या मुलीने कोपऱ्यात फोरहँड मारला आणि चेंडू अजून वाटेत असतानाच ती जोरात ‘कम ऑन!’ ओरडली. यांची लेक धावली, कशीबशी रॅकेट लावली, चेंडू नेटमध्ये गेला. मग तिने हात वर करून ‘हिंडरन्स’ (अडथळा) म्हटलं. फिरते अंपायर पलीकडच्या कोर्टवरून आले, दोघींना विचारलं आणि पॉइंट समोरच्या मुलीला दिला. जाळीबाहेरून त्या मुलीचे वडील म्हणाले, ‘रडीचा डाव!’ आणि घरी येताना कोचने सल्ला दिला, ‘पुढच्या वेळी तूही ओरड.’ त्याच मॅचमध्ये आधी हिच्या खिशातून चेंडू पडला होता, तेव्हा समोरचीने लेट, म्हणजे पॉइंट पुन्हा खेळायला, मागितला आणि हिने तो मुकाट्याने दिला, त्यामुळे हे जास्तच लागलं. आईचं विचारणं: निर्णय चुकला का? आता तक्रार करता येईल का? आणि मुलीला भांडायला शिकवू की सोडून द्यायला?

ताई, आधी निर्णयाचं सांगतो. समोरची ओरडली ती चूकच होती आणि तुमच्या मुलीला पॉइंट मिळू शकला असता. पण ज्या क्षणी मागायला हवा होता, तो क्षण गेल्यावर तिने मागितला. त्यामुळे अंपायरने दिलेला निर्णय टिकणारा आहे. मुंबईतल्या ज्युनिअर स्पर्धांत रेफरी म्हणून उभं राहताना हिंडरन्सवरची जी भांडणं माझ्यापर्यंत येतात, त्यातली बहुतेक अशीच असतात. मुलाचं म्हणणं खरं असतं, पण वेळ चुकलेली असते.

नियम पाहू. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) नियमपुस्तकात तो २६ व्या क्रमांकावर आहे आणि दोन-तीन वाक्यांत संपतो. प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून केलेल्या कृतीमुळे तुमच्या खेळात अडथळा आला, तर पॉइंट तुमचा. अडथळा त्याच्या हातून नकळत झाला, किंवा दोघांच्याही हाताबाहेरच्या गोष्टीमुळे आला, तर पॉइंट पुन्हा खेळायचा. कोर्टवर कायमच्या असलेल्या वस्तू, म्हणजे नेटचा खांब, मागची जाळी, अंपायरची खुर्ची, या अडथळ्यात धरत नाहीत. बस्स, एवढंच.

सगळं भांडण ‘जाणूनबुजून’वर येऊन अडतं. पालकांना वाटतं, जाणूनबुजून म्हणजे समोरच्याला त्रास द्यायच्या इराद्याने. मग समोरची बाजू शपथा घेते की आमची मुलगी तशी नाहीच हो, आनंदाच्या भरात ओरडली. आणि हिंडरन्स मागणाऱ्या मुलीला वाटतं, आपण हिच्यावर फसवणुकीचा आळ घेतोय, म्हणून ती कचरते. नियमाला तिच्या मनात काय होतं याच्याशी कर्तव्यच नाही. तो एवढंच विचारतो की ती कृती तिच्या ताब्यातली होती का. ओरडणं ताब्यात असतं. वाऱ्याने टोपी उडणं, खिशातून चेंडू सुटणं ताब्यात नसतं. अमेरिकेच्या टेनिस संघटनेने नियमावर जे स्पष्टीकरण दिलंय, त्यात नकळत झालेल्या अडथळ्याचं उदाहरण आहे गांधीलमाशी चावल्यावर निघालेली किंकाळी. किंकाळीही आवाजच, पण ती कोणी ठरवून मारत नाही. ‘कम ऑन’ मात्र ठरवूनच म्हणतात, मग मागे आनंद असो की डाव.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण २०११ च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यातलं. सेरेना विल्यम्स पहिला सेट सामंथा स्टोसरकडून २-६ असा हरली होती. दुसऱ्या सेटच्या पहिल्याच गेममध्ये सर्व्हिस सेरेनाची, स्कोअर ३०-४०. तिने दणदणीत फोरहँड मारला आणि तो विनर (समोरच्याला गाठता न येणारा फटका) गेलाच असं समजून ‘कम ऑन!’ ओरडली. पण स्टोसरची रॅकेट चेंडूला लागली. चेअर अंपायर इव्हा अस्देराकी यांनी तिथल्या तिथे पॉइंट स्टोसरला दिला, म्हणजे गेमही गेला. सेरेना भडकली, नंतर अंपायरला बरंच बोलली, त्याबद्दल २००० डॉलर दंड झाला, आणि स्टोसर ६-२, ६-३ अशी जिंकली. त्या वेळी कित्येकांनी हळहळ व्यक्त केली की बिचारी स्वतःलाच चेतवत होती, तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. नव्हतंच. पण निर्णय शंभर टक्के बरोबर होता असं माझं मत आहे. त्याच अस्देराकी पुढे २०१५ साली यूएस ओपनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या महिला.

आता तुम्ही म्हणाल, स्टोसरनेही चेंडूला रॅकेट लावली होती, मग तिला पॉइंट आणि माझ्या मुलीला नाही, हा कुठला न्याय? शंका रास्त आहे. फरक खुर्चीचा. तिथे अंपायर समोर बसलेली होती, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि स्वतःहून ताबडतोब पुकारलं. स्टोसरला काही मागावंच लागलं नाही. तुमच्या मुलीच्या कोर्टवर खुर्ची रिकामी, किंबहुना खुर्चीच नाही. अशा मॅचमध्ये आपल्या बाजूचं अंपायरपण प्रत्येक खेळाडूकडे असतं. चेंडू आत की बाहेर हे आपल्या बाजूला आपणच सांगायचं, तसंच अडथळा झाला हेही आपणच सांगायचं, आणि ते खेळ थांबवून सांगायचं. ओरडणं ऐकूनही चेंडू मारायला गेली, मारला, तो नेटमध्ये गेलेला पाहिला आणि मग हात वर केला, तर बाहेरून आलेल्या माणसाला दिसतं ते असं: फटका आत पडला असता तर ही गप्प बसली असती. तुमची मुलगी तशी असेल असं मी म्हणत नाही. धावत असताना पाय आपोआप पुढे जातात, हात फिरतो, डोक्याला समजायला उशीर होतो. पण दोन्ही बाजूंनी पैज लावता येत नाही हे तत्त्व असल्यामुळे, फटक्याचा निकाल बघून केलेली मागणी मान्य होत नाही. त्या अंपायरने काही ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. दोघींच्या जबान्यांतून त्यांना एवढंच कळलं की समोरची ओरडली आणि तुमच्या मुलीने तरीही चेंडू मारला. यावर दुसरा निर्णय कसा देणार?

म्हणून शिकवायचं ते हे. आवाज आला, त्याने खरोखर लक्ष उडालं, तर फटका मारायचा नाही. थांबायचं, रिकामा हात वर करायचा आणि मोठ्याने ‘हिंडरन्स’ म्हणायचं. पुटपुटायचं नाही, कोचकडे बघायचं नाही. सरावात हे करून घ्या, कारण ऐन मॅचमध्ये हे आपोआप येत नाही. मुलांच्या अंगात चेंडूमागे धावणं इतकं भिनलेलं असतं की थांबणं ही वेगळी शिकवायची गोष्ट आहे. आठवड्यातून एखादा दिवस रॅली चालू असताना मुद्दाम मध्ये ओरडणारे किंवा दुसरा चेंडू आत सोडणारे कोच आहेत. मला ते फार आवडतं.

पण थांबण्यात धोका आहे, तोही तिला आधीच सांगा. थांबलात आणि अंपायरने ठरवलं की अडथळा नव्हताच, तर पॉइंट गेला. समोरच्याला अडथळा झाला असेल असं समजून आपणच थांबलो, तरी पॉइंट जातो. नियमपुस्तकात हे उदाहरण स्पष्ट दिलंय. त्यामुळे प्रत्येक हुंकाराला हात वर करणारी मुलगी मॅच हरेल. चेंडू आपल्या पल्ल्याबाहेर गेलेलाच होता आणि ओरडणं त्यानंतर आलं, तर अडथळा कसला? अशा वेळी मागणी केलीत, तर तो खरोखरच रडीचा डाव होईल.

हुंकाराचं जरा वेगळं आहे, आणि मुंबईत हल्ली सगळ्या पालकांच्या तक्रारी त्याच्याच असतात. फटका मारताना तोंडातून निघणारा आवाज नियमाने बंद केलेला नाही. १९९२ च्या विम्बल्डनमध्ये मोनिका सेलेसच्या आवाजाबद्दल आधी नताली तोझियाने, मग उपांत्य फेरीत मार्टिना नवरातिलोवाने तक्रार केली. अंतिम सामन्यात सेलेस जवळपास मुकी खेळली आणि स्टेफी ग्राफने तिला ६-२, ६-१ असं गुंडाळलं. आवाज दाबल्याने हरली की ग्राफ त्या दिवशी तशी खेळली म्हणून, यावर वाद घालायला लोक अजून तयार असतात. आपल्याकडे चर्चगेटजवळच्या सीसीआयच्या कोर्टांवर २०१७ साली मुंबई ओपन झाली, ती जिंकली १९ वर्षांच्या आर्यना सबालेंकाने. तिचा आवाज पुढे जगभर कोणाच्या कानावर पडला नाही? तिचं बघून आपल्या मुलीही आवाज काढू लागल्या, यात मला वावगं वाटत नाही. फटक्याबरोबर श्वास सुटतो, ताकद येते. प्रश्न आवाज कुठे संपतो याचा आहे. फटक्याबरोबर सुरू होऊन फटक्याबरोबर संपला, तर तो खेळाचा भाग. समोरचीचा फटका मारायचा क्षण आला तरी चालूच राहिला, तर अडथळा. २०२३ च्या विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात यानिक सिन्नरविरुद्ध नोव्हाक जोकोविचचा असाच लांबलेला आवाज चेअर अंपायरने पकडला आणि पॉइंट सिन्नरला दिला. जोकोविचला ते पटलं नाही, पण तो खेळला आणि तीन सेटमध्ये जिंकला. मुलांना हे शेवटचं वाक्य मी आवर्जून सांगतो. मोठ्या खेळाडूंवरही हा निर्णय येतो, आणि त्याने मॅच संपत नाही.

तुमच्या कोचच्या ‘तूही ओरड’ला माझं उत्तर: ओरडू द्या, पण चेंडू मेल्यावर. दुसरा टप्पा पडला, जाळीला लागला, नेटमध्ये अडकला, मग हवं तितकं ‘कम ऑन’ म्हणा. ‘चल, चल’ म्हणा. त्यात बेशिस्त काही नाही. मात्र तोंड प्रतिस्पर्ध्याकडे नको, आणि तिची डबल फॉल्ट झाल्यावर, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्यावर, नको. या दोन्ही गोष्टी नियम २६ मध्ये बसत नाहीत, पण वारंवार केलं की आचारसंहितेत बसतात. तिथे क्रम ठरलेला आहे: आधी ताकीद, मग पॉइंट, मग गेम. आणि चेंडू चालू असताना बदला म्हणून मध्येच ओरडली, तर कोचच्या सल्ल्याने तिचाच पॉइंट जाईल. कोचचा नाही.

आता तो खिशातून पडलेला चेंडू. ताई, यात तुमच्या मुलीने काही दान केलं नाही. समोरचीला लेट मागायचा हक्कच होता. मुंबईच्या दमट हवेत हे फार होतं. एप्रिल-मे मध्ये दुसऱ्या गेमपर्यंत कपडे अंगाला चिकटतात, चेंडू स्कर्टखालच्या पट्टीत नीट बसत नाही, सर्व्हिसनंतर पहिल्याच उडीला निसटतो. पहिल्यांदा झालं तर नकळत, म्हणून पॉइंट पुन्हा. अंपायर असेल तर तो तेव्हाच सांगतो की पुढच्या वेळी हे जाणूनबुजून धरलं जाईल. म्हणजे दुसऱ्यांदा पडला की पॉइंट गेला. टोपीचंही हेच. कुलाब्याकडच्या किंवा मरिन लाइन्सच्या कोर्टांवर संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला की टोप्या उडतात. पट्टी घट्ट करून ठेवा, नाहीतर दुसरा चेंडू खिशात ठेवूच नका, मागे जाळीजवळ ठेवा. मला यात नियम कडक वाटत नाही. एकदा निसटला तर नशीब, पुन्हा निसटला तर तयारीचा दोष.

इथे एक गंमत आहे, ती मोठ्यांनाही माहीत नसते. ज्याचा चेंडू पडला, त्याला लेट मागता येत नाही. अडथळा समोरच्याला झाला, मागणीही समोरच्यानेच करायची. तो थांबला नाही, खेळत राहिला आणि जिंकला, तर पॉइंट त्याचा. तुमचा चेंडू पडला म्हणून तुम्हीच थांबलात, तर तुम्ही हरलात. मुलं इथे फार फसतात. आपला चेंडू पडलेला दिसला की सभ्यपणे थांबतात, ‘सॉरी’ म्हणतात, आणि समोरचा फटका मारून मोकळा होतो. सॉरी पॉइंट संपल्यावर म्हणायचं.

आणि पॉइंट सुरू होतानाच आपल्या बाजूला चेंडू पडलेला असेल, त्यावर पाय पडला किंवा तो मध्ये आला, तर तो अडथळा नव्हे. आपल्या अंगणातला कचरा आपणच काढायचा. चालू चेंडू बरोबर त्या पडलेल्या चेंडूवर आपटला तरी खेळ चालू राहतो. नेमका खेळातलाच चेंडू परत आला की दुसरा, हेच कळेनासं झालं, तरच लेट. आळस करून पहिल्या सर्व्हिसचा फॉल्ट झालेला चेंडू नेटजवळ तसाच ठेवणाऱ्या मुलांना मी हे दर स्पर्धेत सांगतो, आणि दर स्पर्धेत कोणीतरी तो तसाच ठेवतो.

बाजूच्या कोर्टवरून चेंडू आत येणं हा मुंबईचा खास आजार. जागा कमी, कोर्टं खेटून, मध्ये जाळी असली तर नशीब. क्लबात मुलं शिकत असतात आणि टोपलीभर चेंडू इकडेतिकडे. शिवाजी पार्कच्या बाजूला खेळत असाल तर क्रिकेटचा चेंडूही येऊ शकतो. हे सगळं दोघांच्या हाताबाहेरचं, म्हणून लेट. कावळ्याला, घारीला चालू चेंडू लागला, तरी लेट. नियमपुस्तकात पक्ष्याचं उदाहरणच दिलेलं आहे. लेट म्हणजे पूर्ण पॉइंट नव्याने, हे पक्कं लक्षात ठेवा. आपल्या मुलीची पहिली सर्व्हिस फॉल्ट झाली होती, दुसऱ्या सर्व्हिसनंतर रॅली सुरू झाली आणि मध्ये चेंडू घरंगळत आला, तर आता तिला पुन्हा पहिली सर्व्हिस मिळते. समोरची मुलगी ‘सेकंड सर्व्ह’ म्हणून हटून बसते, आपली मुलगी भिडेखातर मान्य करते, असं मी कितीदा पाहिलंय. इथे भीड ठेवायची गरजच नाही. फक्त सर्व्हिसचा चेंडू नेटच्या पट्टीला लागून आत पडला, तेवढ्या लेटमध्ये तीच सर्व्हिस पुन्हा, कारण तो लेट सर्व्हिसपुरताच असतो.

याउलट गणपतीच्या दिवसांत रस्त्यावरून ढोल-ताशे गेले, शेजारच्या हॉलमधून लग्नाचा डीजे सुरू झाला, जाळीबाहेर कोणाचा मोबाइल वाजला, तर लेट नाही. सतत चालणारा आवाज शहराचा असतो, दोघींना सारखाच. प्रेक्षकांतून कोणी ‘आउट’ ओरडलं आणि आपली मुलगी थांबली, तर सहसा पॉइंट गेला. यावरून एक विनंती पालकांना. आपणच काठावर बसून ‘गेला, गेला!’ म्हणतो, तेव्हा नुकसान आपल्याच लेकराचं होतं. ते आईचा आवाज ऐकून थांबतं.

डबल्समध्ये बोलणं भाग असतं. ‘माझा!’, ‘तुझा!’, ‘सोड!’ हे चेंडू आपल्याकडे येताना म्हटलं तर ठीक. चेंडू त्यांच्याकडे चाललाय आणि आपण ‘मागे ये, मागे ये’ करतोय, तर तो अडथळा ठरू शकतो. उंच लॉब आखूड पडला की हे हमखास होतं, कारण मारणाऱ्यालाच आपल्या पार्टनरच्या डोक्याची काळजी लागते. हालचालीचंही तसंच. नेटवरच्या खेळाडूने अंगाने हूल द्यावी, एका बाजूला झुकून दुसरीकडे जावं, समोरचा चेंडू वर टाकत असताना जागा बदलावी, हे सगळं चालतं. हात हलवायचे, पाय आपटायचे, रॅकेट फिरवायची, केवळ समोरच्याचं लक्ष उडावं म्हणून, हे चालत नाही. १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये १७ वर्षांचा मायकल चँग, पायात गोळे आलेले, इव्हान लेंडलविरुद्ध मॅच पॉइंटवर (जिंकायला एकच पॉइंट हवा असताना) सर्व्हिस घ्यायला चक्क सर्व्हिस लाइनच्या जवळ जाऊन उभा राहिला. लेंडलने डबल फॉल्ट केली. खिलाडूपणा म्हणायचा की आगाऊपणा? नियमात तो पूर्णपणे बसत होता. कुठे उभं राहायचं हा घेणाऱ्याचा हक्क. मला विचाराल तर टेनिसमधल्या सर्वांत हुशार पावलांपैकी ते एक होतं. त्याच मॅचमध्ये त्याने खालून सर्व्हिसही केली होती, आणि तीही नियमातच.

मग खिलाडूवृत्ती म्हणजे नक्की काय, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. दोन प्रसंग सांगतो.

२००३ ची फ्रेंच ओपन, महिला उपांत्य सामना, सेरेना आणि जस्टिन हेनिन. तिसरा सेट, सेरेना ४-२ ने पुढे, गेममध्ये ३०-०. सेरेना सर्व्हिस करत असताना हेनिनने हात वर केला, म्हणजे ‘थांब, मी तयार नाही’. सेरेनाची सर्व्हिस नेटमध्ये गेली. अंपायरला हात दिसला नव्हता. सेरेनाने पहिली सर्व्हिस पुन्हा मागितली. हेनिनने एक शब्द बोलायचा होता, की हो, मी हात वर केला होता. ती गप्प राहिली. सेरेना तो गेम हरली, सेट ७-५ ने हरली, सामना हरली. हेनिनने पुढे ती स्पर्धाही जिंकली, पण त्या हाताची गोष्ट तिच्या नावामागे लागली ती लागलीच. नियमाने तिला बोलायला भाग पाडता येत नव्हतं. म्हणूनच तिथे माणूस कळतो.

दुसरा प्रसंग २००५ चा, रोमच्या मातीवरचा. अँडी रॉडिक मॅच पॉइंटवर होता, फर्नांडो व्हर्दास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर पुकारली गेली. मॅच संपली होती. रॉडिकने मातीवरचा ठसा बघितला आणि स्वतःच सांगितलं की चेंडू रेषेला लागलाय. पॉइंट व्हर्दास्कोला गेला, आणि पुढे सामनाही त्यानेच ६-७, ७-६, ६-४ असा जिंकला.

या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. जे फक्त आपल्याला माहीत आहे आणि जे आपल्या विरुद्ध जातं, ते बोलायचं की नाही? चेअर अंपायर नसलेल्या ज्युनिअर मॅचमध्ये तर हा प्रश्न दर गेमला येतो. चेंडू दोन टप्पे पडला, रॅकेट नेटला लागली, चेंडू अंगाला चाटून गेला, हे आपणच सांगायचं असतं. रेषेवरच्या चेंडूची शंका असेल, तर तो आतच धरायचा. चुकून ‘आउट’ म्हटलं आणि लगेच कळलं की आत होता, तर पहिल्यांदा पॉइंट पुन्हा खेळायचा, नकळत झालेला अडथळा म्हणून. पण समोरचीचा तो फटका विनरच होता, किंवा हीच चूक तुम्ही त्या मॅचमध्ये आधीही केली होती, तर पॉइंट तिचा. म्हणजे चुकीचा ‘आउट’ हासुद्धा एक अडथळाच आहे, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही.

तेव्हा ‘सोडून द्यायला शिकवू का’ याला माझं उत्तर नाही असं आहे. आपला न्याय्य पॉइंट सोडून देण्यात खिलाडूवृत्ती नाही, तो संकोच आहे. आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत तो मुलींच्या वाट्याला जरा जास्तच येतो: कशाला वाद, लोक काय म्हणतील. समोरची ओरडली, लक्ष उडालं, हात वर केला, हे मागणं म्हणजे तिच्यावर आरोप नव्हे. सर्व्हिस बाहेर गेली तर ‘फॉल्ट’ म्हणतो, तेव्हा आपण तिला लबाड म्हणत नाही, तसंच हे. तिचे वडील ‘रडीचा डाव’ म्हणाले ते मात्र चूक. तुमच्या मुलीची वेळ चुकली, नियत नाही. जाळीबाहेरच्या माणसाने आतल्या मुलीला असं म्हणणं हे स्वतःच शिस्तीच्या चौकटीत येतं, आणि पुन्हा झालं तर ते रेफरीच्या कानावर घालायला हवं.

तक्रार आता करता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. नाही. नियम लावताना झालेली चूक नंतर लक्षात आली, तरी तोवर खेळले गेलेले पॉइंट तसेच राहतात. हरकत घ्यायची तर पुढचा पॉइंट सुरू होण्याआधी. तेव्हाही कशावर घ्यायची हे ठाऊक हवं. चेंडू आत की बाहेर, ती ओरडली की नाही, या वस्तुस्थितीवर हजर अधिकाऱ्याचं म्हणणं शेवटचं. पण ओरडणं मान्य आहे, फटका मारण्याआधी थांबणंही मान्य आहे आणि तरी अधिकारी म्हणतो की लेट खेळा, तर तो नियमाचा प्रश्न झाला. तिथे मुलीने शांतपणे ‘सर, मला रेफरीला विचारायचंय’ म्हणायचं. नियमाच्या प्रश्नावर शेवटचा शब्द रेफरीचा. हे वाक्य १३ वर्षांच्या मुलीला पाठ असायला हरकत नाही. आम्ही चिडत नाही हो. चिडतो ते पालक आत शिरले की.

पुढच्या स्पर्धेत तीच मुलगी समोर आली तर, ड्रॉ लागला की मॅचच्या आधी तुम्ही नाही, तिनेच रेफरीच्या टेबलाशी जाऊन सांगावं, की मागच्या मॅचमध्ये आवाजावरून वाद झाला होता, कोणी जवळपास उभं राहिलं तर बरं. माणसं कमी असतात, प्रत्येक कोर्टला देता येत नाहीत. पण आधी कळलं तर फिरत्या अंपायरला दोन कोर्टांच्या मधल्या जागेत उभं करता येतं, आणि तिथून दोन्हीकडचं ऐकू येतं.